इटली सामाईक ठेवली, तिथेच रोमची वाटणी फसली

नदीकाठ:

सीझरचा सरदार अँटनी आणि सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन यांचं का बिनसलं असं विचारलं की बहुतेक जण क्लिओपात्राचं नाव घेतात. परवा भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी हाच प्रश्न विचारला आणि माझ्याही तोंडून तेच उत्तर निघालं. ते मला दोन दिवस खुपत राहिलं, कारण माझं खरं मत वेगळं आहे. भांडणाचं मूळ वाटणीतच होतं, आणि तेही एकाच कलमात: इटली सामाईक.

आधी घटना सांगतो. सीझरचा खून झाला इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये. पुढच्या वर्षाच्या अखेरीस बोनोनियाजवळ, म्हणजे आजच्या बोलोन्याजवळ, नदीतल्या एका बेटावर तिघे भेटले: अँटनी, सीझरचाच दुसरा सरदार लेपिडस आणि जेमतेम वीस वर्षांचा ऑक्टेव्हियन. प्रत्येकाबरोबर पाच-पाच लीजन, म्हणजे मोठ्या रोमन पलटणी, एवढी फौज होती. कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येकाने तीनशे माणसं पुलापाशी उभी केली. लेपिडस आधी एकटा बेटावर गेला, सगळं बेट धुंडाळलं, कुणी दबा धरून बसलेलं नाही याची खात्री केली आणि अंगावरचा झगा हलवून खूण केली. मग बाकीचे दोघे आले. दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून त्यांनी वाटे ठरवले.

अँटनीला आल्प्सच्या अलीकडचा आणि पलीकडचा गॉल. लेपिडसला दक्षिण गॉल आणि स्पेन. ऑक्टेव्हियनला आफ्रिका, सिसिली, सार्डिनिया. पूर्व तेव्हा सीझरच्या मारेकऱ्यांच्या, ब्रुटस आणि कॅशियसच्या, हातात होती, ती जिंकायची होती. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत ती जिंकली, तेव्हा वाटे पुन्हा पडले. ४० मध्ये ब्रुंडिसियमच्या तहात तिसऱ्यांदा पडले: स्कोड्रा, म्हणजे अल्बानियातल्या आजच्या श्कोदर गावापाशी रेघ ओढली, पूर्वेकडचं अँटनीचं, पश्चिमेकडचं ऑक्टेव्हियनचं, आणि लेपिडसला आफ्रिका.

नकाशावर ही वाटणी अँटनीच्या बाजूने झुकलेली दिसते. आशिया, सीरिया, ग्रीस अशी श्रीमंत मुलखांची रांगच्या रांग त्याच्याकडे. पण लीजनमध्ये भरती व्हायचा तो रोमन नागरिक, आणि तो राहायचा मुख्यतः इटलीत. त्या इटलीबद्दल ठरलं एवढंच की दोघांनी तिथून सारखी भरती करावी. प्रत्यक्षात तिथे राहत होता एकटा ऑक्टेव्हियन. ब्रुंडिसियम बंदराने अँटनीला दोनदा वेस बंद केली, ४० मध्ये आणि पुन्हा ३७ मध्ये. सामाईक इटलीचं बंदर, आणि अर्ध्या हिश्शाचा मालक जहाजात बाहेर! ३७ मध्ये टॅरेंटमला करार झाला. अँटनीने १२० युद्धनौका तिथल्या तिथे मोजून दिल्या, ऑक्टेव्हियनने बदल्यात २०,००० सैनिक देण्याचं कबूल केलं. ते सैनिक आलेच नाहीत. माझ्या मते वाटणी तिथेच मोडली. ऑक्टेव्हियनने अँटनीला हरवलं ती ॲक्टियमची लढाई व्हायला अजून सहा वर्षं होती.

तुम्हाला काय वाटतं?

जुनाबांध:

पूर्ण सहमत. हे मला पुस्तकाआधी घरातून कळलं. आमच्या आजोबांच्या वाटणीत जमीन अगदी काटेकोर, गुंठा-गुंठा मोजून वाटली. विहीर तेवढी सामाईक लिहिली, कारण विहिरीचे दोन तुकडे कसे करणार? पण मोटारीचा खांब एका भावाच्या बांधावर, स्टार्टरच्या पेटीची किल्ली त्याच्या घरातल्या खुंटीला. आठवड्यातले तीन दिवस पाळी आमची, आणि त्या तीन दिवसांत कधी लाइट नाही, कधी फ्यूज उडालेला, कधी किल्ली घेऊन मुलगा तालुक्याला गेलेला. खातेफोड झाली तेव्हा आमच्या वाट्याला आलेली काळी जमीन सगळ्या गावाने वाखाणली होती. चार वर्षांत तिच्यात ज्वारीशिवाय काही पिकेना.

इटली ही विहीर होती.

शिलालेख:

वाचायला छान आहे, पण मूळ शब्दच चुकतोय. ही वाटणी नव्हतीच. २७ नोव्हेंबर ४३ ला रोममध्ये कायदा मंजूर झाला आणि या तिघांना राज्यव्यवस्था लावून देण्यासाठी पाच वर्षांचे अधिकार मिळाले. प्रांत दिले ते कारभारासाठी. रोममध्ये ही पद्धत जुनी होती: कॉन्सल, म्हणजे वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी, व्हायचं, मग एखाद्या प्रांताचा कारभार पाहायचा, मुदत संपली की परत यायचं. सातबारा कुणाच्याच नावावर चढला नव्हता.

आणि इटली सामाईक ठेवली ही चूक नव्हती, दुसरा मार्गच नव्हता. इटलीची माणसं रोमची नागरिक होती. आल्प्सच्या अलीकडचा गॉल तर फिलिपीनंतर मुद्दाम इटलीत मिळवला, का, तर रोमच्या इतक्या जवळ फौज घेऊन बसलेला प्रांताधिकारी नको म्हणून. सीझर त्याच प्रांतातून फौज घेऊन रूबिकॉन नदी ओलांडून आला होता, ते कोण विसरणार? इटलीचे दोन भाग करा असं या तिघांपैकी कुणी नुसतं म्हटलं असतं तरी त्याचेच सैनिक त्याच्यावर उलटले असते.

नदीकाठ:

शिलालेख, कायद्याचा मुद्दा मान्य. मुदतीचा अधिकार होता, ३८ च्या अखेरीस मुदत संपली आणि तिघांनी ती वाढवून घेतली, हेही खरं. पण कागदावर कारभार असला तरी व्यवहार मालकीचा होता. ४० मध्ये गॉलमधला अँटनीचा सरदार कॅलेनस वारला. त्याच्या हाताखाली अकरा लीजन होत्या. ऑक्टेव्हियन तडक तिकडे गेला आणि कॅलेनसच्या पोराकडून सगळी फौज आणि प्रांत स्वतःकडे घेतला. कारभाऱ्याचा माणूस मेला तर दुसरा नेमायचा हक्क कारभाऱ्याचा. इथे शेजारच्याने येऊन पीक कापून नेलं. अँटनी ब्रुंडिसियमवर चालून आला त्याला हेच मोठं कारण झालं.

इटली वाटता येत नव्हती हे तुमचं म्हणणं मी शंभर टक्के मानतो. म्हणून तर म्हणतो की वाटणी मुळातच टिकणारी नव्हती. जी गोष्ट वाटता येत नाही, तीच सगळ्यात मोलाची होती.

रानवारा:

माफ करा, पण दोघेही फक्त वरच्या तिघांकडे बघताय. बोनोनियाच्या त्या बेटावर आणखी दोन गोष्टी ठरल्या, त्यांच्याबद्दल अजून इथे एक ओळ नाही.

एक, माणसांची यादी. जे सापडतील त्यांना मारायचं, त्यांची मालमत्ता जप्त करायची. सुमारे ३०० सिनेटर आणि २,००० सरदार त्या यादीत होते असं इतिहासकार अप्पियन सांगतो. अँटनीने मामाचं नाव दिलं, लेपिडसने सख्ख्या भावाचं, ऑक्टेव्हियनने नामांकित वक्ता सिसेरोचं. मामा आणि भाऊ पुढे वाचले. सिसेरो ७ डिसेंबरला फॉर्मियाजवळ मारला गेला. त्याचं डोकं आणि हात रोममध्ये आणून ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा तिथेच टांगले.

दोन, इटलीतली अठरा गावं. लढाई जिंकली तर या अठरा गावांची शेतजमीन सैनिकांना देऊ असं आधीच जाहीर केलं. कापुआ, व्हेनुसिया, बेनेव्हेंटम, अरिमिनम ही त्यांतली काही. त्या गावांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. जमिनी कसदार होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा. फिलिपीनंतर ऑक्टेव्हियन जमिनी काढून घ्यायला परतला तेव्हा बायकापोरांसकट शेतकरी रोमच्या चौकात आणि देवळांत येऊन बसले. क्रेमोनाची जमीन पुरली नाही म्हणून शेजारच्या मांटुआची घेतली. या रागावर अँटनीचा भाऊ लुसियस आणि बायको फुल्व्हिया उभी राहिली, आणि ४१-४० च्या हिवाळ्यात पेरुसियाला वेढा पडला. तिथे शिशाचे गोफणगुंडे सापडलेत, त्यांवर अक्षरं ओतलेली आहेत. कुणावर फुल्व्हियाला शिवी, कुणावर ऑक्टेव्हियनला, कुणावर लुसियसच्या टकलाची टवाळी. एकाच देशाचे लोक, एकाच भाषेत, एकमेकांच्या कपाळावर फेकत होते. अंगठ्याएवढ्या त्या शिशाच्या तुकड्यांपुढे मला स्कोड्राची रेघ फार लहान वाटते.

माझं म्हणणं असं, की वाटणी नेत्यांनी केली नाही. ती सैनिकांनी करायला लावली, कारण त्यांना जमीन हवी होती आणि दोन सीझरवाद्यांनी आपसात लढावं हे त्यांना नको होतं. ब्रुंडिसियमला अँटनी आणि ऑक्टेव्हियनच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा जुने सोबती एकमेकांना ओळखू लागले आणि तडजोड करा म्हणून अडून बसले. तह त्यामुळे झाला. पुढे जमिनी मिळाल्या, सैनिकांचा रेटा सैल झाला, आणि तह कोसळला. याचा इटली सामाईक असण्याशी काय संबंध?

सह्यकडा:

मी वेगळ्याच कारणासाठी असहमत आहे. धागाकर्ते अँटनीला फार सूट देताय.

पूर्व त्याला मिळाली. सगळ्यात जुनी शहरं, सगळ्यात भरलेले खजिने. ३६ मध्ये तो पूर्वेकडच्या पार्थियाच्या राज्यावर चालून गेला, शत्रूला गाठायच्या घाईत वेढ्याचं सामान मागे सोडलं, ते पार्थियनांनी नष्ट केलं. परत येताना चरित्रकार प्लुटार्कच्या हिशोबाने २०,००० पायदळ आणि ४,००० घोडेस्वार गेले, त्यांतले अर्ध्याहून अधिक आजाराने. यात ऑक्टेव्हियनने काय केलं? पुढे ३४ मध्ये अलेक्झांड्रियात भर समारंभात क्लिओपात्राच्या मुलांना मुलूख वाटले. आर्मेनिया, मिडिया आणि अजून जिंकलेलाच नसलेला पार्थिया एकाला, सीरिया-किलिकिया दुसऱ्याला. रोमच्या कुठल्या कायद्याने?

आणि इटली ऑक्टेव्हियनच्या एकट्याच्या मुठीत होती म्हणता, तर ३२ मध्ये त्या वर्षाचे दोन्ही कॉन्सल आणि तीनशेहून अधिक सिनेटर रोम सोडून अँटनीकडे कसे गेले? एवढी माणसं तेव्हाही त्याच्या बाजूची होती. त्याने ती घालवली.

नदीकाठ:

सह्यकडा, पार्थियाच्या मोहिमेतली चूक अँटनीचीच, त्यावर वाद नाही. पण २०,००० माणसं गेली हा आकडा बघा आणि टॅरेंटमला कबूल केलेला आकडा बघा. तोच आहे. पायदळात जेवढी माणसं गेली तेवढीच त्याची ऑक्टेव्हियनकडे येणं होती. ऑक्टेव्हियनचे कितीही वाईट दिवस गेले तरी नवी लीजन उभी करायला त्याला दोन गावांपलीकडे जावं लागत नव्हतं. अँटनीला त्यासाठी समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या दारात यावं लागायचं. ३८ मध्ये तो तसा आलाही. ऑक्टेव्हियनने बोलावलं म्हणून ब्रुंडिसियमला आला, तर बोलावणाराच हजर नाही. तो परत गेला.

सिनेटर गेले हे खरं. पण ते स्वतः गेले, त्यांच्या जमिनी, त्यांची कुळं, त्यांची गावं इटलीतच राहिली.

मोगरा:

या सगळ्या तहांत एक माणूस कलम म्हणून वापरलं गेलं, तिच्याबद्दल लिहायलाच हवं. ऑक्टेव्हिया, ऑक्टेव्हियनची बहीण. ४० मध्ये तिचा नवरा मार्सेलस वारला. विधवेने दहा महिने थांबावं असा कायदा होता. सिनेटने तिच्यासाठी तो बाजूला ठेवला आणि ब्रुंडिसियमचा तह पक्का व्हावा म्हणून अँटनीशी तिचं लग्न लावून दिलं.

तिने मात्र ते लग्न मनापासून निभावलं. टॅरेंटमचा करार घडवून आणला तो तिनेच, नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये उभं राहून. ३५ मध्ये ती नवऱ्यासाठी कपडे, जनावरं, पैसा आणि २,००० निवडक सैनिक घेऊन अथेन्सपर्यंत गेली. तिथे अँटनीचं पत्र मिळालं की पुढे येऊ नकोस. भाऊ म्हणाला, त्याचं घर सोड. तिने सोडलं नाही. त्याच घरात राहून फुल्व्हियाच्याही मुलांना वाढवलं. शेवटी ३२ मध्ये अँटनीने घटस्फोट दिला आणि तिला घराबाहेर काढायला माणसं पाठवली. त्याच्या मरणानंतर क्लिओपात्रापासून झालेली मुलंही तिनेच सांभाळली.

नदीकाठ, २०,००० सैनिकांपैकी २,००० आले ते हे. एक-दशांश, आणि तेही बहिणीच्या हातून. भावाने ते कशासाठी पाठवले असतील? तिचा अपमान झाला तर अँटनीवर शस्त्र उचलायला कारण मिळेल म्हणून, असं प्लुटार्कही बहुतेकांचं मत म्हणून नोंदवतो. मला हे वाचताना दरवेळी घशाशी येतं. तह टिकावा असं प्रामाणिकपणे वाटणारी त्या सगळ्या गोतावळ्यात ती एकटी होती.

दर्यावर्दी:

तीन वाटेकरी म्हणताय, चौथा विसरलात. सेक्स्टस पॉम्पी, सीझरचा जुना वैरी पॉम्पी याचा मुलगा. सिसिली त्याच्याकडे होती, समुद्र त्याचा होता. त्याने रोमचं धान्य अडवलं तेव्हा भुकेल्या जमावाने ऑक्टेव्हियनला भर चौकात दगड मारले, आणि त्याला सोडवलं ते अँटनीच्या शिपायांनी. म्हणून ३९ मध्ये मिसेनमला सेक्स्टसशीही वाटणी करावी लागली: सिसिली, सार्डिनिया, कॉर्सिका आणि ग्रीसचं पेलोपोनीस त्याला, बदल्यात त्याने रोमला धान्य पाठवायचं. समुद्रात खांब रोवून दोन मचाणं बांधली होती, मध्ये पाण्याची पट्टी. ओरडावं लागू नये इतकी जवळ, उडी मारता येऊ नये इतकी लांब.

मग जेवणं. पहिली पाळी सेक्स्टसची, त्याच्या जहाजावर. पाहुणे जेवत असताना त्याचा सरदार मेनास कानाशी लागला: दोर कापू का? सगळ्या रोमचा धनी करतो तुला. सेक्स्टस थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की हे मला न विचारता करायला हवं होतंस, आता शब्द मोडणं माझ्याच्याने होणार नाही. तीन वर्षांनी, ३ सप्टेंबर ३६ ला, नाउलोकसला त्याचं आरमार बुडालं.

सेक्स्टसकडे इटलीचा इंचभरही नव्हता, तरी त्याने इटलीला गुडघ्यावर आणलं. विहीर इटली असेल, पण तिच्यातलं पाणी सिसिलीतून यायचं.

पंचगंगा:

वेगळी बाजू मांडतो, आमच्या गावाशी जोडलेली आहे म्हणून. ॲक्टियमनंतर ३० मध्ये इजिप्त ऑक्टेव्हियनने घेतलं आणि ते सिनेटच्या हाती दिलंच नाही. परवानगीशिवाय सिनेटरने तिथे पाऊल टाकायचं नाही असा नियम केला आणि स्वतःचा अधिकारी नेमला. सामाईक ठेवल्याने काय होतं हे तो स्वतः शिकला होता, असं मला वाटतं.

त्यानंतर काही वर्षांत भूगोलकार स्ट्रॅबो तिथे गेला तेव्हा तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानकडे सुटत होती. क्लिओपात्राच्या घराण्यातल्या टॉलेमी राजांच्या वेळी फार थोडी जायची. आपल्या सातवाहनांच्या काळातला रोमशी व्यापार वाढला तो या वाटेने. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात पॉसायडनची, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती निघाली. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. लहानपणी तिच्यासमोर उभा राहिलो की वाटायचं, समुद्रापासून एवढ्या आत हा देव आला कसा. कुणाच्या वाट्याला इजिप्त गेलं या भांडणाचा एक धागा तिथपर्यंत येतो.

शिलालेख:

नदीकाठ, लेपिडसचं काय? ३६ मध्ये सिसिलीत त्याच्याकडे बावीस लीजन होत्या. ऑक्टेव्हियन मोजक्या स्वारांसह त्याच्या छावणीत शिरला आणि शिपाई एकेक करून त्याच्याकडे गेले. लेपिडसला झगा उतरवून पाया पडावं लागलं. आफ्रिका गेली, अधिकार गेला, सर्वोच्च पुरोहितपद तेवढं मरेपर्यंत राहिलं. तिथे जमीन, विहीर, सामाईक, यांतलं काही चाललं नाही. चाललं ते सीझर हे नाव, दत्तक गेल्यामुळे मिळालेलं. ते नाव ना अँटनीकडे होतं, ना लेपिडसकडे.

जुनाबांध:

नावाने शिपाई आले असतील, पण टिकले कशाने? निवृत्त झाल्यावर जमीन कोण देणार, तर जो इटलीत बसलाय तो. लेपिडस कुठली जमीन देणार होता?

नदीकाठ:

रानवारा, तुमच्या मुद्द्यावर मी कालपासून विचार करतोय आणि मला माझं म्हणणं थोडं बदलायला हवं. मी इटलीला भरतीचं ठिकाण म्हणत राहिलो. ती त्याआधी अठरा गावांच्या लोकांची होती, आणि बेटावर बसलेल्यांनी पहिला घाला तिच्यावरच घातला. सामाईक म्हणजे तिघांपैकी कुणीच राखण करणार नाही अशी, हा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. जुनाबांध म्हणतात त्यातही हेच आहे: जमीन वाटण्याचं ते बदनाम काम अँटनीने ऑक्टेव्हियनच्या गळ्यात टाकलं आणि स्वतः पूर्वेला गेला. शिव्या ऑक्टेव्हियनने खाल्ल्या, पण ज्यांना जमीन मिळाली ते जन्मभरासाठी त्याचे झाले. शिलालेख, नावाचं वजन मी कमी लेखलं, तेही मान्य. इटली सामाईक राहिली म्हणून तह टिकला नाही, हे मात्र मी अजून म्हणतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. ३२ मध्ये युद्धाआधी ऑक्टेव्हियनने सगळ्या इटलीकडून स्वतःच्या नावाने शपथ घेवविली. अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर त्याचा जो लेख आहे त्यात तो म्हणतो, सगळ्या इटलीने आपण होऊन माझ्याशी निष्ठेची शपथ घेतली. पण एका गावाला त्याने जाहीरपणे सूट दिली होती, कारण ते पिढ्यान्पिढ्या अँटनीच्या घराण्याच्या आश्रयाखाली होतं. ते गाव बोनोनिया. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्या नदीतल्या बेटावर तिघे बसले होते, तेच.